तारखेपुरती जागा

मेव्हिस प्रॉथरोने स्वतःची मृत्युवार्ता स्वतःच टाइप करून ठेवली होती,
दोन प्रती, मध्ये कार्बन घालून.
तारखेपुरती जागा कोरी,
आणि समासात माझ्यासाठी पेन्सिलने:
‘विशेषणं घालू नकोस. ती मी जन्मभर विकली.’

बाप वेल्समधल्या कोळशाच्या खाणीवर काट्याशी उभा असायचा,
मजुरांच्या बाजूने,
मालकाच्या माणसावर डोळा ठेवून.
काट्याला बोट कुठून टेकवतात
हे ती सहाव्या वर्षी शिकली.
एकोणिसाव्या वर्षी लंडन, वॉर्डूर स्ट्रीट, तिसरा मजला,
पाटीवर ‘प्रसिद्धी विभाग’.
तिथे तिने स्वतःचं बोट टेकवलं.

आठवड्याला सात पौंड, वर दुपारचा चहा.
एका नायिकेसाठी तिने बिबट्या भाड्याने आणला.
‘तिच्या उशाशी निजतो,’ असं छापून आलं.
बिबट्या सर्कशीतला, म्हातारा, दात पडलेला.
नखं मात्र शाबूत.
मनगटावरचा तो ओरखडा
पुढे करारांवर सह्या करताना बाहीतून डोकावायचा.

राईचा पर्वत कुणीही करतं, ती म्हणायची,
पर्वताची राई करायला अक्कल लागते.
त्यासाठी तिच्याकडे एकच शब्द होता: थकवा.
नटाची दारू, थकवा.
दिग्दर्शक तीन दिवस कुणाच्या घरी होता, थकवा.
इमोजेन टार्नचा सुजलेला डोळा, मोडलेली बरगडी,
नवरा त्याच चित्रपटाचा नायक,
तोही थकवा. समुद्रकाठी विश्रांती.
चाहत्यांनी कृपया फुलं पाठवू नयेत.
चाहत्यांनी फुलं पाठवली.
तिसऱ्या थकव्यानंतर पाठवायला पत्ता उरला नाही.

हे सांगताना मेव्हिस एवढंच म्हणे:
‘पत्रक चांगलं उतरलं होतं.
एकाही वर्तमानपत्राने शब्द बदलला नाही.’

त्या हिवाळ्यात टाइपरायटर कपाटात गेला
आणि ती निर्माती झाली. म्हणजे काय,
तर लोकांच्या दारात उभी राहायला लागली.
दातांच्या डॉक्टरकडून पैसे, गालिचेवाल्याकडून,
ज्याला सिनेमात फक्त बायकोचं नाव हवं होतं त्या खाटकाकडून.
आईचं घर गहाण.
पाऊस नको तेव्हा पाऊस, हवा तेव्हा बंबवाल्यांचा संप.
जनरेटरवाल्याची मुलं गोवराने आजारी, म्हणून
एक अख्खं दृश्य मेणबत्तीवर; समीक्षकांनी त्याला शैली म्हटलं,
तिने त्यांना दुरुस्त केलं नाही.

चौदा चित्रपट. नऊ बुडाले.
पहिल्यात स्वयंपाकघरात एक बाई बसून असते,
गोठवलेल्या मटारची पिशवी डोळ्याला लावून,
चार मिनिटं. संवाद नाही.
नळ गळतो, तोही मध्येच थांबतो.
वितरक म्हणाला, कापा.
मेव्हिस म्हणाली, माझा हात कापा, एकदा बिबट्याने सुरुवात केलीच आहे.
क्रॉयडनला एकतीस माणसं उठून गेली.
आकडा तिला पाठ होता,
आणि हेही, की एक बाई
दिवे लागल्यावरही खुर्चीतच होती, कोट चढवलेला,
पिशवी मांडीवर.

मी तिच्याकडे लागले तेव्हा ती सत्तरीला आलेली.
माझ्या पहिल्या पत्रकात ‘हृदयस्पर्शी’ होतं.
तिने खोडलं नाही.
शब्दावर नुसतं बोट टेकवलं
आणि माझ्याकडे बघत राहिली,
कोळशाकडे बघावं तशी.

मंगळवारी पहाटे रुग्णालयाचा फोन.
मी कोऱ्या जागेत तारीख भरली.
बाकी सगळं तिचंच होतं, कारणासकट:
‘फुफ्फुसं, आणि चाळीस वर्षांच्या सिगारेटी. थकवा नव्हे.’

संध्याकाळी वर्तमानपत्रातून एका मुलाने विचारलं,
शेवटचे दोन शब्द हवेतच का? ओळ वाढतेय,
जागा नाही.

मी म्हटलं, तारखेची घ्या.